सगळंच ‘सिग्निफिकंट’ येतंय? आधी डीएफचा रकाना बघा

फेब्रुवारी लागला, तुरीची मळणी आटोपली की माझ्याकडे प्रकल्पवाली पोरं यायला लागतात. बहुतेक प्राणिशास्त्राच्या नाहीतर पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. हिवाळाभर पहाटे उठून जंगल-शिवार पालथं घातलेलं असतं, पायांवर बोराटीच्या काट्यांचे ओरखडे असतात आणि लॅपटॉपमध्ये एक्सेलची एक फाइल असते. विषयही जवळपास ठरलेला: रोही (नीलगाय), चितळ, रानडुक्कर यांची सरासरी संख्या झुडपी जंगलात, गायरानावर, शिवारात आणि नाल्याकाठी वेगवेगळी आहे का? पद्धत प्रचरण विश्लेषणाची, म्हणजे सगळे जिला अनोव्हा म्हणतात ती.

तक्रार दोनपैकी एक असते. पहिली: “सर, काहीही लावलं तरी पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली येते, पण गाइड म्हणतात हे पटत नाही.” दुसरी: “तोच डेटा मैत्रिणीनं लावला तर फरक आला नाही, मी लावला तर आला.” (पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं इतका फरक दिसायची शक्यता. ती सहसा ०.०५ च्या खाली गेली की फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणतात.) दर वर्षी पोरं नवी, बिघाड तोच. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

अनोव्हा काय करतो ते दोन वाक्यांत सांगतो, कारण बिघाड तिथेच सापडतो. अधिवासांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब आहेत ते तो मोजतो, आणि एकाच अधिवासातल्या जागा आपापसांत किती वेगळ्या आहेत तेही मोजतो. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की एफ मिळतो. एफ मोठा आला तर अधिवासांमधला फरक हा जागाजागांच्या नेहमीच्या चढउतारापेक्षा जास्त आहे असं म्हणता येतं. यातला “जागाजागांचा चढउतार” हा शब्द लक्षात ठेवा.

पी-व्हॅल्यूकडे शेवटी बघू. अनोव्हाच्या तक्त्यात एक डीएफ नावाचा रकाना असतो, मराठीत ज्याला स्वातंत्र्याच्या मात्रा म्हणतात, म्हणजे हिशोबात मोकळेपणानं बदलू शकणारे आकडे किती ते. पोरं तो वाचतच नाहीत, मी तोच आधी वाचतो. फाइल उघडायच्या आधी विचारतो: अधिवास किती, रेषा किती? (ट्रान्सेक्ट म्हणजे प्राणी मोजत चालायची ठरलेली सरळ वाट, तिला आम्ही रेषाच म्हणतो.) चार अधिवास असतील तर वरच्या, म्हणजे अधिवासांच्या ओळीत चार वजा एक, तीन हवा. बारा रेषा असतील तर खालच्या, म्हणजे उरलेल्या चढउताराच्या ओळीत बारा वजा चार, आठ हवा. तसं नसेल तर मशिनला तुम्ही भलतंच काही सांगितलंय. मग पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

आधी किरकोळ बिघाड उरकतो.

वरच्या ओळीत तीनऐवजी एक दिसतोय? तुम्ही आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरताय आणि अधिवासांना १, २, ३, ४ असे क्रमांक दिलेत. आरला वाटलं ही मोजमापं आहेत. झुडपी जंगल एक, गायरान दोन, म्हणजे गायरान हे झुडपी जंगलाच्या दुप्पट काहीतरी आहे असं समजून त्यानं एक सरळ रेघ बसवून दिली. तो रकाना फॅक्टर (म्हणजे गटांची नावं) करून घ्या किंवा सरळ नावं लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण यापायी एका मुलीचे तीन आठवडे गेलेले मी पाहिलेत.

तीनऐवजी पाच दिसतोय? मग फाइलमध्ये चार नव्हे, सहा नावं आहेत. एकानं “गायरान” लिहिलं, दुसऱ्यानं “गायराण”, तिसऱ्यानं सातबाऱ्यावर जे बघितलं ते, “ई-क्लास”. कधी नाव बरोबर असतं, पण शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असते. डोळ्याला दिसत नाही, आरला दिसते. प्रत्येक नाव किती वेळा आलंय त्याची यादी काढा, लगेच सापडेल.

तिसरा बिघाड डीएफमध्ये अर्धवटच दिसतो आणि तोच जास्त नुकसान करतो. चितळ कळपानं दिसतं. एका रेषेवर सहा फेऱ्या मारल्या आणि दिसलं असं: ०, ०, १४, ०, ०, १०. सरासरी ४. पण डायरीत “काही नाही” असं लिहिलेलं होतं म्हणून एक्सेलमध्ये भरताना ते चौकोन कोरे सोडले. एक्सेल कोरा चौकोन धरतच नाही. सरासरी झाली १२, तिप्पट. जिथे चितळ क्वचित दिसतं तिथेच कोरे चौकोन जास्त, म्हणजे ज्या अधिवासात प्राणी कमी त्याचीच सरासरी सगळ्यांत जास्त फुगते. प्राणी न दिसणं हीसुद्धा नोंद आहे, तिथे शून्य लिहा. आणि ज्या दिवशी पावसामुळे किंवा आजारपणामुळे गेलाच नाहीत तिथे शून्य टाकू नका, तो चौकोन खरोखर कोरा. डायरीत या दोन्हींसाठी वेगळी खूण पहिल्या दिवसापासून ठेवा. जानेवारीत बसून ऑक्टोबरचं “–” म्हणजे काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

आता मुख्य बिघाड. दहातल्या सात फाइलींचं दुखणं हेच असतं, असं मी अनुभवावरून सांगतो.

खालच्या ओळीत आठऐवजी अडुसष्ट.

कारण काय, तर चार अधिवास, प्रत्येकात तीन रेषा, प्रत्येक रेषेवर सहा फेऱ्या. चार गुणिले तीन गुणिले सहा, बहात्तर ओळींची फाइल. बहात्तर वजा चार, अडुसष्ट. पोरांना वाटतं आपल्याकडे बहात्तर निरीक्षणं आहेत, केवढी मेहनत! मेहनत खरी आहे. पण जागा बाराच आहेत. एकाच रेषेवर सहादा गेलात म्हणून सहा रेषा होत नाहीत. त्या रेषेलगत पाण्याचं डबकं असेल तर सहाही फेऱ्यांना रोही जास्त दिसतील, लगतच्या वावरात कुत्री राखणीला असतील तर सहाही फेऱ्यांना कमी दिसतील. सहा आकडे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, आणि अनोव्हाला आपण सांगतो की हे सहा परके आहेत.

अमेरिकी परिस्थितिकी-शास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं, त्याला आपण खोटी पुनरावृत्ती म्हणू. नाव तेव्हा मिळालं, चूक त्याहून जुनी आणि अजून ताजी.

मी स्वतः ती केलेली आहे. माझ्या प्रबंधात दोनच रेषा होत्या, एक झुडपी जंगलात, एक गायरानावर. दोन्हींवर वीस-वीस फेऱ्या. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “रेषा किती?” मी म्हटलं, “चाळीस फेऱ्या, सर.” ते म्हणाले, “मी रेषा विचारल्या.” मी गप्प. माझ्या मार्गदर्शकांनीही तो प्रश्न कधी विचारला नव्हता, तेही गप्प. पास झालो, पण तोंड कडू करून घरी आलो. संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्या काकांना सगळं सांगितलं. काका चौथी शिकलेले, पण आयुष्य पऱ्हाटीत गेलेलं. ते म्हणाले, “म्हणजे एकाच वावरातल्या दहा झाडायचे बोंडं मोजले, अन् दहा वावरं मोजले म्हून सांगतलं? तसं केलं काय बे तू?”

तसंच केलं होतं. परीक्षक सरांनी सांगितलेलं तेव्हा नीट कळलं नाही, ते काकांच्या एका वाक्यानं कळलं. आणि गंमत अशी की ही पद्धत जन्मली ती शेतातच. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या खत-बियाण्याच्या प्रयोगांवर काम करताना त्यांनी ही रीत बांधली. आपल्याकडे शेतीच्या प्रयोगांत ती रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पानसे आणि सुखात्मे ही मराठी नावं अग्रभागी आहेत. शेतीच्या प्रयोगात खत टाकलं जातं ते प्लॉटला, म्हणून मोजायचं एकक प्लॉट. त्यातली झाडं कितीही मोजा, प्लॉट तेवढेच राहतात. आपल्या प्रकल्पात “अधिवास” हे लेबल लागतं ते रेषेला. म्हणून एकक रेषा. फेरी म्हणजे प्लॉटातलं झाड.

नुसतं सांगून पटत नाही म्हणून आकडे देतो. हे आकडे समजावण्यासाठी मी रचलेले आहेत, कुठल्या गावचे नाहीत. प्रत्येक आकडा म्हणजे एका रेषेवर दर फेरीला सरासरी किती रोही दिसले:

झुडपी जंगल: ६, २, ४ (सरासरी ४)
गायरान: ३, ९, ६ (सरासरी ६)
तुरीचं शिवार: ८, ४, ९ (सरासरी ७)
नाल्याकाठ: १, ५, ३ (सरासरी ३)

एकूण सरासरी ५. अधिवासांच्या सरासऱ्या त्यापासून १, १, २, २ अशा लांब आहेत. त्यांचे वर्ग १, १, ४, ४, बेरीज १०, प्रत्येकी तीन रेषा म्हणून ३०. याला तीननं भागलं की १०. आता अधिवासाच्या आतला चढउतार: झुडपी जंगलात ८, गायरानात १८, शिवारात १४, नाल्याकाठी ८, एकूण ४८. याला आठनं भागलं की ६. एफ म्हणजे १० भागिले ६, १.६७. तीन आणि आठ डीएफला पाच टक्क्यांच्या पातळीवर एफ निदान ४.०७ लागतो. आपण कुठेच नाही.

हेच आता बहात्तर ओळींवर चालवू. वरचे ३० सहा पटीनं १८० होतात, तीननं भागून ६०. आतला चढउतार ४८ च्या सहा पट, २८८, अधिक एकाच रेषेवरच्या फेऱ्याफेऱ्यांमधला फरक. तो मी २४० धरतो, म्हणजे बारा रेषांचे प्रत्येकी पाच असे साठ डीएफ आणि दर डीएफला चार. बेरीज ५२८, अडुसष्टनं भागून ७.७६. एफ आला ७.७३. इथे कसोटीला फक्त २.७४ लागत होता. पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खूप खाली. प्राणी तेच, जंगल तेच, डायरी तीच. एका वाटेनं “काहीच दाखवता येत नाही”, दुसऱ्या वाटेनं “अत्यंत सिग्निफिकंट”. तुमची मैत्रीण आणि तुम्ही इथेच वेगळे झालात. तिनं बहुतेक रेषेच्या सरासऱ्या काढून घेतल्या होत्या.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक रेषेच्या सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढा, बारा आकडे उरतील, त्यांच्यावर अनोव्हा लावा. सगळ्या रेषांवर फेऱ्या सारख्या असतील तर नेस्टेड अनोव्हा (फेऱ्यांना रेषेच्या पोटात धरणारा) लावूनही तोच एफ येतो. ६० ला ३६ नं (२८८ भागिले आठ) भागा, तेच १.६७. फेऱ्या कमीजास्त असतील, कुठे सहा कुठे तीन, तर मिक्स्ड मॉडेलमध्ये रेषेला रँडम इफेक्ट म्हणून टाका, म्हणजे एकाच रेषेवरच्या फेऱ्या एकमेकींशी जुळलेल्या आहेत हे मॉडेलला कळतं. ते जमत नसेल तर सरासऱ्यांची वाट धरा आणि फेऱ्या किती होत्या ते तक्त्याखाली लिहा. परीक्षकाला प्रामाणिक साधा हिशोब चालतो.

इथे पोरांचा चेहरा पडतो. “सर, मग फरक नाही असं लिहू?” नाही. “फरक दाखवता आला नाही” असं लिहा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बारा रेषांच्या बळावर शिवारात सात आणि नाल्याकाठी तीन रोही हा फरक खरा की योगायोगाचा, ते ठरवण्याइतकी ताकद आपल्या मोजणीत नव्हती. सरासऱ्या द्या, त्यांच्यासोबत ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा (खरी सरासरी कितीपासून कितीपर्यंत असू शकते ते) द्या, वाचणारा बघून घेईल.

क्रस्कल-वॉलिस लावला की हा प्रश्न सुटतो असा एक समज पसरलाय. कुठून आला माहीत नाही, पण प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी तो घेऊन येतो. ती १९५२ सालची क्रमांकांवर चालणारी कसोटी आहे. आकड्यांचं वाटप (डिस्ट्रिब्यूशन) वाकडंतिकडं असेल तर ती कामाची आहे. पण तिलाही आकडे एकमेकांपासून स्वतंत्रच लागतात. बहात्तर ओळी तिच्यात ओतल्या तर तीही तितकंच खोटं बोलेल.

वाटपाचा विषय निघालाच आहे तर तो उरकतो. प्राण्यांच्या मोजणीत जिथे सरासरी जास्त तिथे चढउतारही जास्त असतो, आणि अनोव्हाला सगळ्या गटांत चढउतार साधारण सारखा हवा असतो. मॉडेल लावून झाल्यावर उरलेल्या फरकांचं चित्र काढा, आडव्या अक्षावर मॉडेलचा अंदाज घेऊन. ठिपके डावीकडे अरुंद आणि उजवीकडे नरसाळ्यासारखे पसरत गेले तर गडबड आहे. आकड्यांचं वर्गमूळ घेऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. आरमध्ये वेल्चचा अनोव्हा आहे, तो समान चढउताराची अट घालत नाही. ज्यांना पुढं जायचंय त्यांनी निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल शिकावं. कळपानं फिरणाऱ्या प्राण्यांना ते चांगलं बसतं. पण हे सगळं रेषांचा हिशोब सुधारल्यावर. छप्पर गळतंय आणि आपण भिंतीला रंग देतोय असं व्हायला नको.

आणि फरक आला तर नेमक्या कोणत्या जोडीत आहे ते बघायला टुकीची कसोटी, ती सगळ्या जोड्या एकत्र धरते. चार अधिवासांच्या सहा जोड्या होतात. सहाही जोड्यांना वेगवेगळी टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी कसोटी) लावली आणि प्रत्येकीत पाच टक्के चुकीची मुभा ठेवली, तर कुठेतरी एक खोटा फरक निघायची शक्यता सुमारे २६ टक्क्यांपर्यंत जाते. बस, यावर एवढंच पुरे.

आता असे बिघाड, जे कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. मला यांचंच जास्त भय वाटतं, कारण तक्ता एकदम स्वच्छ दिसतो.

गायरानावर उभं राहिलं की शंभर-दीडशे मीटरवरचं रोही सहज दिसतं. घाणेरी माजलेल्या झुडपी जंगलात वीस मीटरवर उभं असलेलं रोही, शेपूट हललं तरच कळतं. म्हणजे तुम्ही रोही मोजले की उजेड मोजला? डिसेंबरात तूर माणसाच्या डोक्याएवढी असते, तिच्यात कळप बसला तर काठावरून एक कान दिसत नाही. तूर कापली की दुसऱ्याच दिवशी “संख्या वाढते”. यावरचा नीट उपाय म्हणजे डिस्टन्स सॅम्पलिंग: प्राणी दिसला की आपल्यापासूनचं त्याचं अंतर आणि रेषेशी होणारा कोन टिपायचा, म्हणजे रेषेपासूनचं अंतर काढता येतं, आणि त्यावरून किती प्राणी नजरेतून सुटले त्याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी साठ-ऐंशी वेळा तरी प्राणी दिसलेला असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. एम.एस्सी.च्या एका हिवाळ्यात तेवढं जमेलच असं नाही. मग निदान चारही अधिवासांत रेषेच्या दोन्ही बाजूंची सारखीच आणि अरुंद पट्टी धरा, दाट झुडपातही ज्याच्या आतलं सहसा सुटणार नाही अशी. पट्टीबाहेरचं दिसलं तरी हिशोबात धरायचं नाही. जीवावर येतं, पण करा.

अंतर मोजायला लेझर नसेल तर पावलं मोजा. लेंड्यांवरून संख्या काढणाऱ्यांना एक सूचना: रोही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतं. तुमचा मोजणीचा चौकोन नेमका त्या ढिगावर पडला तर एक रोही वीस होतात, आणि नाही पडला तर कळप शून्य.

दुसरी गोष्ट हंगामाची आणि माणसांची. एका गटानं ऑक्टोबरात झुडपी जंगल उरकलं, डिसेंबरात गायरान, जानेवारीत शिवार. आता फरक अधिवासाचा की महिन्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तसंच “तू नाल्याकाठ घे, मी शिवार घेतो” असं वाटून घेतलं तर फरक तुमच्या आणि मित्राच्या डोळ्यांचा असू शकतो. प्रत्येक आठवड्यात चारही अधिवास व्हायला हवेत आणि माणसं फिरती हवीत. काही वावरांना झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं यंत्र) असतं, काहींना नसतं, हेही डायरीत लिहा. तीनपैकी दोन वावरांना झटका असेल तर तुमचं “शिवार” म्हणजे प्रत्यक्षात तारेचं कुंपण.

तिसरी गोष्ट खुद्द रोह्यांची. रात्रभर तुरीत-हरभऱ्यात चरतात, सूर्य वर आला की लगतच्या झुडपी जंगलात जाऊन सावलीला बसतात. तुम्ही सहा वाजता शिवाराची रेषा चालता आणि आठ वाजता तिथूनच चिकटलेली झुडपी जंगलाची. तोच कळप दोन्ही रकान्यांत लागतो. एका वर्षी एका मुलाच्या डायरीत शिवाराच्या रेषेवर “नर एक, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं” अशी नोंद होती. दोन पानं पुढं, त्याच तारखेला, झुडपी जंगलाच्या रेषेवर: “नर एक, शिंग तुटलेलं.” मी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघत राहिला. डायरी इतकी बारकाईनं लिहिणारा पोरगा होता म्हणून निदान सापडलं. वेगवेगळ्या अधिवासांच्या रेषा एकमेकींना चिकटून घेऊ नका, दोन्हींवर माणसं एकाच वेळी पाठवा, आणि निष्कर्षात “संख्या” या शब्दाऐवजी “सकाळच्या वेळचा वापर” असं काहीतरी लिहा. आपण तेच मोजलेलं असतं.

बुद्धपौर्णिमेला मचाणीवर बसून केलेली पाणवठ्याची नोंद अनोव्हात टाकू का, हाही नेहमीचा प्रश्न. रात्र सुंदर असते, अनुभव जरूर घ्या. पण त्या आकड्यांवरून अधिवासांची तुलना करू नका. मे महिन्यात चार कोसांवरचं जनावर तिथे येतं, एकच जनावर तीनदा येतं, आणि आकडा ठरतो तो आसपास दुसरं पाणी आहे की नाही यावरून.

डेटा गोळा झालाय, प्रबंध महिन्यावर आलाय आणि प्रत्येक अधिवासात एकच रेषा आहे, अशांचं काय? त्यांच्यासाठी अनोव्हा नाही. चार वजा चार शून्य, खालच्या ओळीला काही उरतच नाही. फेऱ्या कितीही असोत. सरासऱ्या, कळपांचे आकार, नर-मादी-पिल्लांचं प्रमाण, वेळेनुसार आलेख, हे सगळं नीट मांडा आणि कसोटी लावली नाही असं स्पष्ट लिहा. गाइड आग्रह धरतील. त्यांना वरचा अडुसष्ट आणि आठचा हिशोब कागदावर करून दाखवा. आवाज न चढवता.

ज्यांचा हिवाळा अजून यायचाय त्यांनी फेऱ्या कमी करा आणि रेषा वाढवा. वरच्याच आकड्यांत, सरासऱ्या आणि चढउतार तसेच राहतील असं धरून बघा. एकूण फेऱ्या बहात्तरच. बारा रेषांवर सहा-सहा फेऱ्या: एफ १.६७, हवा ४.०७. चोवीस रेषांवर तीन-तीन: एफ साधारण ३.०, हवा ३.१०, म्हणजे उंबरठ्यावर. छत्तीस रेषांवर दोन-दोन: एफ ४.०९, हवा २.९०, आणि आपण आत. पहाटा तेवढ्याच, पेट्रोल मात्र जास्त लागेल हे कबूल. देशभरच्या व्याघ्रगणनेत तृणभक्षी प्राण्यांसाठी वनरक्षक साधारण दोन किलोमीटरच्या रेषा चालतात. आपल्या झुडपी जंगलाचे तुकडे कित्येकदा तेवढे लांबही नसतात, एक किलोमीटरची रेषा घेतली तरी चालेल, पण चारही अधिवासांत लांबी सारखी ठेवा.

रेषा कुठून सुरू करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. नकाशावर चौकटी आखा, क्रमांक द्या, उचला. नाहीतर सगळ्या रेषा पांदणीच्या कडेला येतात, जिथे मोटरसायकल लावता येते तिथे. चिठ्ठीत कुणाचं तरी वावर निघेल, तर मालकाला आदल्या दिवशी संध्याकाळीच जाऊन भेटा. कोणत्या धुऱ्यावरून चालणार ते दाखवा आणि झटका किती वाजता बंद करता ते विचारा. काही जण डुकरांसाठी कुंपणात थेट लाइन सोडतात, कायद्यानं गुन्हा असला तरी. अंधारात अनोळखी तारेला हात लावायचा नाही. सकाळी जाऊन विचारू म्हणाल तर मालक भेटणार नाही. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइट असते, तो पहाटे पाचला घरी येऊन नुकताच आडवा झालेला असतो.